मिश्रधातूचं पहिलं बटण वितळवताना या चुका टाळा

‘एक्सआरडीत एक जास्तीचा पीक येतोय,’ म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना आलेखात एक नको असलेलं शिखर दिसतंय, असं सांगत पीएचडीच्या पहिल्या वर्षाचं कुणी आलं, की मी आधी वजनांची वही मागतो. बऱ्याचदा घोळ तिथेच सापडतो. बटण म्हणजे विजेच्या आर्कने (ठिणगीने) धातू वितळवून केलेला मिश्रधातूचा छोटा गोळा.

पाच धातू समप्रमाणात म्हणजे प्रत्येकी 10 ग्रॅम नव्हे. समान असायला हवेत ते अणू. कोबाल्ट-क्रोमियम-लोह-मँगनीज-निकेल हा कँटर मिश्रधातू म्हणजे 2004पासून हाय-एन्ट्रॉपीवाल्यांची, म्हणजे अनेक धातू जवळपास समप्रमाणात मिसळणाऱ्यांची, बाराखडी. त्यात ही चूक खपून जाते, कारण पाचांचे अणुभार जवळपास सारखे आहेत. मँगनीजच्या जागी ॲल्युमिनियम घेतलं की मात्र फसगत होते. 50 ग्रॅमच्या बटणात ते 5.34 ग्रॅम लागतं. 10 ग्रॅम टाकलंत तर 20 ऐवजी सुमारे 34 अणुटक्के होतं, म्हणजे हातात भलताच धातू.

सगळ्यात जास्त छळतं ते मँगनीज. आर्कच्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि चेंबरच्या भिंतीवर काळपट भुकटी बसते. ती भुकटी म्हणजे तुमचंच मँगनीज! वितळवण्याआधी आणि नंतर वजन करा. 50 ग्रॅममध्ये 0.5 ग्रॅम घट झाली तर आकडा किरकोळ वाटतो. पण मँगनीज होतं 9.8 ग्रॅम, आणि घट बहुतेक त्याचीच, म्हणजे त्यातलं पाच टक्के गेलं. म्हणून ते तळाशी ठेवा, वर बाकीचे तुकडे रचा, आर्क थेट त्याच्यावर नेऊ नका. आपल्या भट्टीत किती उडतं हे दोन-तीन बटणांत कळतं; तेवढं पुढच्या वेळी जास्त घ्यायचं. दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा उचलू नका, त्याची भट्टी वेगळी. मँगनीजच्या पत्र्यांवरचा ऑक्साइडचा थर आधी सौम्य नायट्रिक आम्लात धुऊन काढायचा, हे कंटाळवाणं काम नवशिके हमखास टाळतात.

टायटॅनियमचा गेटर, म्हणजे चेंबरमधला उरलासुरला ऑक्सिजन शोषणारा तुकडा, आधी वितळवा. गार झाल्यावर तो चकचकीत राहिला तर चेंबरमधला आर्गॉन वायू ठीक. निळसर किंवा मळकट दिसला तर गळती शोधा, चार्जला (वितळवायच्या धातूंना) हात लावू नका. बटण चार-पाच वेळा उलटवून वितळवायचं हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

ओतल्या अवस्थेत कँटर धातूच्या डेंड्राइटमध्ये (गोठताना वाढणाऱ्या झाडासारख्या फांद्यांत) लोह, कोबाल्ट, क्रोमियम जास्त आणि मधल्या जागेत मँगनीज, निकेल जास्त, अशी विभागणी होते. ईडीएसच्या (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या तंत्राच्या) नकाशात ती दिसली की ‘दुसरी फेज सापडली’, म्हणजे वेगळ्या रचनेचा भाग सापडला, म्हणून उड्या मारू नका. आधी सीलबंद क्वार्ट्झ ट्यूबमध्ये 1100 ते 1200 अंश सेल्सिअसला 24 तासांच्या आसपास तापवून एकजीव (होमोजिनाइज) करा आणि मग बघा. शिवाय याच मिश्रधातूत ईडीएसचे आकडे जपून वाचावे लागतात: मँगनीजच्या क्ष-किरणांची के-बीटा रेषा 6.49 केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), लोहाची के-अल्फा 6.40ला. डिटेक्टरची विभेदनक्षमता सुमारे 0.13 केईव्ही. दोन्ही एकमेकींवर चढतात आणि सॉफ्टवेअर त्यांना आपल्या अंदाजाने वेगळं करतं.

‘एकच फेज आहे’ हेही सांभाळून लिहा. थोड्या प्रमाणातली फेज एक्सआरडीला दिसत नाही. त्यात तांब्याच्या क्ष-किरणांनी लोह आणि कोबाल्ट स्वतःच प्रतिदीप्त होऊन पार्श्वभूमी वर उचलतात. शिवाय कँटर धातू एकफेजी राहतो तो उच्च तापमानाला. 500 अंशांवर 500 दिवस ठेवल्यावर तो अनेक फेजमध्ये फुटल्याचं 2016मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

दाबचाचणीतला 40 टक्के स्ट्रेन (आकारातला बदल) बघून ‘तन्य धातू’, म्हणजे न तुटता ताणला जाणारा धातू, म्हणू नका. दाबाखाली भेगा मिटतात, ताणात त्याच उघडतात. ताणचाचणीचे बारीक नमुने वायरकटवर (तारेच्या ठिणगीने कापणाऱ्या यंत्रावर) कापून घ्या, पण कापलेल्या पृष्ठावर वितळून पुन्हा गोठलेला थर असतो, तो घासून काढल्याशिवाय चाचणी नको.

आणि बटणाचा एक तुकडा तारीख-वजन लिहून डबीत जपा. दोन वर्षांनी परीक्षक ऑक्सिजन किती होता विचारतात. ईडीएस त्याचं भरवशाचं उत्तर देत नाही. त्यासाठी तुकडा निष्क्रिय वायूत वितळवून मोजावा लागतो, आणि तोवर बाकीचं बटण एचिंग-पॉलिशिंगमध्ये संपलेलं असतं.