थंड पाण्यात स्नॉर्केलिंगची जागा शोधताय? या चुका टाळा

पांढरी वाळू, समोर निळंशार पाणी, फोटोला एक नंबर. मास्क आणि श्वासाची नळी लावून तोंड पाण्यात घातलं की मात्र खाली नुसती वाळू, तीही लाटांनी ढवळलेली. थंड समुद्रातली नेहमीची चूक हीच: वरून छान दिसली म्हणून जागा निवडायची. बघण्यासारखं जे काही असतं ते खडकांच्या कपारीत आणि केल्पच्या, म्हणजे लांबलचक पट्ट्यांच्या समुद्री शेवाळाच्या, रानात. केल्पला धरून राहायला टणक तळ लागतो. म्हणून आधी उपग्रह नकाशावर किनारा मोठा करून बघा. उथळ पाण्यात फिकट पट्टा म्हणजे वाळू, गडद डाग म्हणजे बहुधा खडक किंवा शेवाळ. वाळू संपून कातळ सुरू होतो तो सांधा मी पहिल्यांदा तपासतो. उतरायला वाळू, बघायला कातळ.

‘पाणी थंड म्हणजे नितळ’ हाही एक गोड गैरसमज. आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेत १०० मीटरपर्यंत दिसतं, पण ते २ ते ४ अंशांच्या थंडीमुळे नाही. हिमनदीचं पाणी लाव्हाच्या खडकातून वर्षानुवर्षं गाळून येतं म्हणून. थंड समुद्रात उलट वसंतात ऊन वाढलं की प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं, पेव फुटतं आणि पाणी हिरवं होतं. हिवाळ्यातल्या शांत दिवशी तिथेच छान दिसू शकतं. किनाऱ्यावर ऊन तापलंय म्हणून पाणी कोमट असेल, असंही धरून चालू नका. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यातही वाऱ्यामुळे खोलातलं गार पाणी वर येतं. मोठा पाऊस झाला असेल तर नदीच्या मुखाजवळची जागा काही दिवस विसरा.

तळ्यात फसवणूक वेगळी. उन्हाळ्यात वरचा थर कोमट असतो. जरा बुडी मारली की गार थर कपाळाला झोंबतो, म्हणून अंगातला वेटसूट (थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख) निवडताना खालच्या पाण्याचा विचार करा. तळ गाळाचा असेल तर फिनच्या, म्हणजे पायात घालायच्या रबरी पंखाच्या, एका फटक्यात सगळा धुरळा. गोटे, बुडालेले ओंडके, खडकाळ कडा शोधा. कॅनडात ह्युरन सरोवराकाठच्या टोबरमोरीला १८८५ साली बुडालेलं ‘स्वीपस्टेक्स’ हे शिडाचं जहाज साधारण ६ मीटर खोलीवर आहे, वरून तरंगतही दिसतं. पाण्यावर हिरवट रंग सांडल्यासारखी साय दिसली तर मात्र उतरूच नका. ते सायनोबॅक्टेरिया (निळसर-हिरवे जिवाणू) असू शकतात आणि त्यांचं विष अंगाला बाधतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: आत जायचा रस्ता शोधायचा, बाहेर यायचा नाही. मी एकदा भरतीला एका सपाट कातळावरून आरामात उतरलो. परत आलो तेव्हा पाणी उतरलेलं, तोच कातळ डोक्याच्या वर आणि खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत. फिनचा पट्टा काढायला गेलो तर बोटं ऐकेनात. अंगठा बकलवर टेकवलाय हे दिसत होतं, जाणवत नव्हतं. शेवटी वळसा घालून वाळूपर्यंत पोहत गेलो. तेव्हापासून जागा ओहोटीला येऊन बघतो, बाहेर पडायच्या दोन वाटा ठरवतो आणि त्या सापडल्या नाहीत तर कपडेही बदलत नाही.

प्रवाहाचंही तसंच. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर तो परत आणेल. अरुंद खाडीत भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यातच उतरा. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर काठाजवळ पाणी गुळगुळीत दिसतं आणि नकळत माणूस बाहेर लोटला जातो.

आणि सूर मारू नका. गार पाण्याच्या पहिल्या झटक्यात श्वास आपोआप आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत. आधी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तोंड भिजवा, श्वास ताळ्यावर येईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. मग मास्क लावा. तोही आधी त्याच पाण्यात बुडवून गार करून, नाहीतर काच धुकटते.