थेरपिस्ट आहात? आधी गुगलवर नीट दिसा
इन्स्टावर रोज रील टाकत बसण्याआधी गुगल बिझनेस प्रोफाइल (गुगल सर्च-मॅप्सवर दिसणारी तुमच्या कामाची माहिती) भरा, फुकट आहे, आणि रात्री २ला झोप उडालेला माणूस 'दादर मराठी काउन्सेलर' असंच काहीतरी टाइप करतो, 'सीबीटी' (विचार-वागणूक बदलायला शिकवणारी थेरपी) वगैरे नाही. सेशन मराठीत होतं का, फी किती, संध्याकाळी ७ नंतर वेळ मिळेल का (विरार लोकलवाल्याला हेच हवं असतं) ते सरळ लिहा. घरूनच काम करत असाल तर पत्ता लपवता येतो. क्लायंटकडे रिव्ह्यू मात्र मागू नका हं! कोणी स्वतःहून टाकलाच तर 'तुमच्यासोबत काम करून छान वाटलं' असलं उत्तर नको, म्हणजे ती व्यक्ती तुमच्याकडे येते हे तुम्हीच जगजाहीर केलंत की, आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे.