कॅलेंड्युलाचं मलम: वाफ्यापासून डबीपर्यंत

फूल खुडलं की आधी स्वतःची बोटं बघा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबून सोडवताना किंचित चिकटली, तर तुमच्या हातात औषधाचं फूल आहे. फणसाच्या चिकाइतकं ते चिवट नसतं, पण साबणाने एकदा हात धुऊनही थोडं उरतंच. ती राळ. मलमाचा गुण बराचसा तिच्यासोबत तेलात उतरणाऱ्या द्रव्यांमध्ये असतो. बोटं कोरडी राहिली तर ते फूल देवाला वाहा, मलमाला घेऊ नका.

मी कोल्हापूरला बी.फार्म. केलं आणि गेली १९ वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. दिवसा केमिस्टच्या दुकानात प्रिस्क्रिप्शनची औषधं काढून देते आणि संध्याकाळी अलॉटमेंटवर असते. अलॉटमेंट म्हणजे वर्षाच्या भाड्याने मिळणारा भाजीपाल्याचा तुकडा. इथे तो अजूनही ‘रॉड’मध्ये मोजतात. पूर्ण तुकडा १० रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. माझा त्याच्या निम्मा. त्यात मेथी आहे, कोथिंबीर आहे आणि कुंपणालगत दोन वाफे कॅलेंड्युला.

पहिल्या वर्षी मी आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, म्हणजे झेंडूच ना?” मी म्हटलं, “नाही गं आई, हा वेगळा.” “मग तुझ्या बियांच्या पाकिटावर मेरीगोल्ड का लिहिलंय?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता आणि या कामातली सगळ्यात मोठी चूक नेमकी इथेच होते. इंग्रजीत दोघांनाही मेरीगोल्ड म्हणतात. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू म्हणजे टॅजेटिस, मूळचा मेक्सिकोचा. युरोपच्या औषधी परंपरेतला तो कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस, भूमध्य समुद्राकडचा. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातले, पण औषध म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

म्हणून बियाणं घेताना पाकिटावरचं लॅटिन नाव वाचा. ‘ऑफिसिनॅलिस’ हा शब्द या कामात जागोजागी भेटतो. ऑफिसिना म्हणजे मठातली किंवा औषधवाल्याची, जिथे औषधं साठवत आणि बनवत ती खोली. ज्या वनस्पतीच्या नावामागे तो शब्द लागतो, ती एके काळी त्या खोलीच्या फळीवर होती एवढं नक्की समजा. नाव वाचून भागलं नाही तर बी हातावर घ्या. झेंडूचं बी सरळ, काळ्या काडीसारखं आणि टोकाला फिकट शेपूट असलेलं असतं. कॅलेंड्युलाचं बी वाकडं, खडबडीत, मांजराच्या नखासारखं वळलेलं. एकदा पाहिलं की आयुष्यात पुन्हा गफलत होत नाही.

इथे मी मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये बी पेरते आणि जूनपासून थंडी कडक होईपर्यंत फुलं मिळतात. महाराष्ट्रात हे हिवाळ्याचं रोप आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा. गडद केशरी जात निवडा. खत फार घालू नका, नुसती पानं माजतात. फुलं मात्र दर दोन-तीन दिवसांनी तोडावीच लागतात, कारण बी धरायला लागलं की झाड फुलणं कमी करतं.

तोडायची वेळ म्हणजे ऊन असलेल्या दिवशी दव पूर्ण उडाल्यावर. देठाशी नखाने खुडा आणि खालची हिरवी वाटी फुलासोबत येऊ द्या. नुसत्या पाकळ्या दिसायला छान, पण राळ त्या हिरव्या वाटीत जास्त असते. मी बोटं चिकटण्यावर इतका भर देते ते त्यासाठीच.

आता वाळवणं. इथे घाई केली की सगळं फुकट जातं. फुलं एकमेकांना न चिकटता, तोंडं खाली करून, जाळीवर सावलीत पसरा. आपण पापड-कुरडया घालतो तसं कडक उन्हात नको, रंग उडतो. माझ्याकडे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे, तिथे आठ ते बारा दिवस लागतात. पाकळ्या तिसऱ्या दिवशीच कुरकुरीत होतात आणि माणूस फसतो. पहिल्या वर्षी मी तशीच फसले. पाचव्या दिवशी फुलं तेलात टाकली आणि तीन आठवड्यांनी बरणी उघडली, तर वर करडी बुरशी आणि नाकाला आंबूस वास. मधल्या हिरव्या वाटीत ओल राहिली होती. संपूर्ण बरणी टाकून द्यावी लागली आणि एका अख्ख्या जुलैची मेहनत गेली, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी प्रत्येक खेपेला चार-पाच फुलं मधोमध मोडून बघते. वाटी वाकली तर ओली, कट् असा आवाज करून तुटली तर तयार. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये हा आजीचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो.

तेलासाठी बरणी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन ओव्हनमध्ये किंवा उन्हात खडखडीत वाळवा. वाळलेली फुलं हाताने थोडी कुस्करून बरणीच्या दोन-तृतीयांश भरा; दाबू नका. माझ्या अर्ध्या लिटरच्या बरणीत साधारण ३० ग्रॅम बसतात. वरून तेल ओता, फुलांवर दोन बोटं येईल इतकं. मी सूर्यफुलाचं किंवा ऑलिव्हचं तेल वापरते. भारतात तिळाचं उत्तम. शेंगदाण्याचं टाळा, कारण डबी कुणाला द्याल आणि त्याला दाण्याची ॲलर्जी आहे की नाही हे दर वेळी विचारलं जाईलच असं नाही. खोबरेल तेलाने इथे माझी पंचाईत केली होती. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि रेडिंगच्या खिडकीत फुलं अडकून बसतात.

झाकण लावा, बरणीला खाकी कागदाची पिशवी घाला आणि उबदार खिडकीत चार ते सहा आठवडे ठेवा. रोज एकदा हलवा. फुलं तेलाबाहेर डोकावू देऊ नका. घाई असेल तर पातेल्यात पाणी तापवून त्यावर वाडगा ठेवा आणि अगदी मंद आचेवर तीन तास तेल कोमट राहू द्या. बोट घालून सहन होईल इतकंच गरम. फुलं तळली गेली तर संपलं. मला खिडकीतलं तेल जास्त आवडतं. गाळताना त्याचा रंग हळदीच्या दुधासारखा न येता मुरलेल्या मधासारखा येतो. धुऊन वाळवलेल्या पंच्यातून गाळा आणि शेवटी पिळून घ्या, कारण त्या पिळण्यातच दाट तेल येतं.

आता या सगळ्याची मुळं कुठली, तेही सांगते, कारण मला ती माहीत झाली तेव्हा या कामाकडे बघण्याची दृष्टी बदलली. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात निकोलस कल्पेपर नावाचा औषधवाला होता, जन्म १६१६ चा. त्या काळी वैद्यांच्या कॉलेजचा औषधकोश लॅटिनमध्ये होता आणि सामान्य माणसाला तो वाचता येत नव्हता. कल्पेपरने १६४९ साली तो सरळ इंग्रजीत आणला. कॉलेज चिडलं. १६५२ साली त्याने इंग्लंडमधल्या वनस्पतींवर स्वतःचं स्वस्त पुस्तक काढलं: कुठे उगवते, कधी फुलते, कशाला वापरायची. परदेशातून आलेली महाग औषधं गरिबाने का घ्यावीत, ती त्याच्या कुंपणापाशीच आहेत, हे त्याचं म्हणणं. १६५४ साली, चाळिशीही न गाठता तो गेला. प्रत्येक झाडाला तो ग्रह नेमून देई. कॅलेंड्युलाला सूर्य आणि सिंह रास. ते मी घेत नाही. पण ज्ञानावरचं भाषेचं कुलूप काढणाऱ्या माणसाची किंमत मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, आठव्या हेन्रीच्या काळात १५४२-४३ मध्ये इथे असा कायदा झाला की, वनस्पतींची जाण असलेल्या कुणालाही बाहेरच्या जखमा, गळवं, सूज यांवर लेप-मलम देता यावं. १६७३ साली औषधवाल्यांच्या संघाने चेल्सीला थेम्सकाठी औषधी बाग लावली, शिकाऊ मुलांना झाडं ओळखता यावीत म्हणून. ती अजून आहे. लंडनला आलात तर जरूर बघा. पुढे १८६४ साली वनौषधी देणाऱ्यांची संस्था उभी राहिली, ती आजही काम करते.

झाड ओळखणं का महत्त्वाचं, हे मला एका पिशवीने शिकवलं. अलॉटमेंटवरच्या एका शेजाऱ्याने प्रेमाने पानं आणून दिली आणि म्हणाला, कॉम्फ्री आहे, गुडघ्याला बांध. कॉम्फ्री म्हणजे दुखऱ्या सांध्याला जिची पानं बांधतात ती इथली वनस्पती. फुलं नव्हती, नुसती पानं. मी एक पान तळहातावर घेतलं. कॉम्फ्रीचं पान खरखरीत असतं, काटेरी केसांचं, आणि कड सरळ असते. या पिशवीतली निम्मी पानं मऊ होती, लोकरीसारखी, आणि कडेला बारीक दाते. तो फॉक्सग्लव्ह होता, डिजिटॅलिस. कोल्हापूरला फार्माकॉग्नॉसीच्या, म्हणजे औषधी वनस्पती ओळखण्याच्या शास्त्राच्या, प्रॅक्टिकलला मी त्याच्याच पानाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता आणि ते झाड पहिल्यांदा जिवंत भेटलं ते असं. विल्यम विदरिंग या डॉक्टरने श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या, वीसेक वनस्पतींच्या काढ्यातून नेमकं हेच झाड शोधून काढलं, दहा वर्षं रोग्यांवर मात्रा तपासली आणि १७८५ साली ती प्रसिद्ध केली. त्याच वंशातलं डिगॉक्सिन मी आजही दुकानात हृदयाच्या रोग्यांना देते, मायक्रोग्रॅममध्ये मोजलेलं. त्याचा चहा करून प्यायला तर माणूस मरू शकतो. शेजाऱ्याला मी लगेच दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवली आणि पिशवी आम्ही तिथेच टाकली. कॉम्फ्रीसुद्धा पोटात घेऊ नका. तिच्यात यकृताला अपाय करणारे अल्कलॉइड असतात.

तर मलम. १०० मिलिलिटर तेलाला १० ते १२ ग्रॅम मधमाश्यांचं मेण, किसून. वाफेवरच्या वाडग्यात तेल आणि मेण एकत्र ठेवा आणि मेण विरघळलं की लगेच उतरवा. फ्रीजमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या चमच्यावर एक थेंब टाका. अर्ध्या मिनिटात गोठेल. बोटाने दाबून बघा. फार घट्ट वाटलं तर तेल, फार पातळ वाटलं तर चिमूटभर मेण. मी पहिली डबी आईला कऱ्हाडला नेली तेव्हा मे महिना होता. तिथे ते मलम तुपासारखं वितळून डबीच्या झाकणातून पाझरलं आणि तिची उशी तेलकट झाली. तिच्यासाठी मी आता १६ ग्रॅम मेण घालते. ती टाचांच्या भेगांना रात्री लावून मोजे घालते आणि पुढच्या डबीची वाट बघते.

मलमात पाणी नसल्याने संरक्षक रसायन लागत नाही, पण ओलं बोट घालू नका. डबीवर लॅटिन नाव, तेलाचं नाव आणि तारीख लिहा. वर्षाच्या आत संपवा. खवट वास आला की टाकून द्या.

लावायचं कुठे? भेगा, कोरडी त्वचा, वरवरचं खरचटलेलं, बागकामाने फाटलेले हात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा, विशेषतः शेवंती किंवा कॅमोमाइलच्या कुळाची ॲलर्जी असेल तर. खोल जखम, गंजका खिळा, ताजं भाजलेलं, पू झालेलं, मधुमेह्याच्या पायावरचं काहीही, यांवर मलम लावून थांबू नका, दवाखान्यात जा. पुरावा विचाराल तर फ्रान्समध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या २५४ स्त्रियांवर झालेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या नेहमीच्या मलमाच्या तुलनेत कॅलेंड्युला लावणाऱ्यांच्या त्वचेचा दाह कमी होता. पुढे स्वीडनमध्ये साध्या क्रीमशी तुलना केली तेव्हा फरक दिसला नाही. दोन्ही सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं. रेडिएशन चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझंही मलम लावू नका.

आणि दुकानातल्या कामामुळे एक गोष्ट कळकळीने सांगते. पोटात घ्यायच्या वनौषधी ही फार वेगळी बाब आहे. सेंट जॉन्स वर्ट हे मनाच्या उदासीवर घेतलं जाणारं वनौषध इथे सहज मिळतं. पण ते यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढवतं आणि गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, अवयव बदललेल्यांची औषधं यांचा असर कमी करतं. डॉक्टरांना गोळ्यांची यादी देताना काढे, कॅप्सूल, गावाहून आलेली चूर्णं सगळं सांगा. विकत घेताना इंग्लंडमध्ये डब्यावर टीएचआर (ट्रॅडिशनल हर्बल रजिस्ट्रेशन) ही पारंपरिक वनौषधींच्या नोंदणीची खूण बघा. ती गुणाची हमी देत नाही, पण आत काय आहे आणि किती शुद्ध आहे ते तपासलेलं असतं.

राहिलं भांडं. वाडगा गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या, मग साबण लावा. मेण नळाखाली सोडलं तर ते पाइपात जाऊन गोठतं. तो मेणाचा कागद मी ठेवून देते, हिवाळ्यात शेगडी पेटवायला एक तुकडा पुरतो.