दूषित गाळ उपसल्यानंतर: आधी वाळू वेगळी करा

गाळाचे नमुने वरच्या आणि खालच्या थरांतून वेगळे घ्या. एकत्र मिसळले तर दूषित थर सरासरीत लपतो. बरणी काठोकाठ भरून ४ अंश सेल्सिअसला ठेवा. तळच्या काळ्या गाळात धातू सल्फाइडच्या रूपात अडकलेले असतात. हवा लागली की आम्ल तयार होते आणि जस्त, कॅडमियम पाण्यात उतरतात. उपसलेला गाळ आठवडेच्या आठवडे उघड्यावर पसरून ठेवू नये, ते याचसाठी.

प्रदूषक मुख्यतः ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना आणि सेंद्रिय पदार्थाला चिकटतात. म्हणून वाळू वेगळी काढण्यासाठी गाळ पाण्यात पातळ करून आधी २ मिलिमीटरच्या चाळणीतून आणि मग हायड्रोसायक्लोनमधून काढा. या शंकूसारख्या भांड्यात पाणी गरगर फिरते, वाळू खालून आणि बारीक गाळ वरून बाहेर पडतो. सायक्लोनच्या खालच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. वाळू फाकून पडायला हवी. ती दोरासारखी सरळ पडू लागली तर तोंड तुंबत आले आहे आणि जाड वाळू वरून बारीक गाळात चालली आहे. अशा वेळी गाळ आणखी पातळ करा किंवा खालचे तोंड मोठे बसवा. बहुतांश गाळ चिकणच असेल तर मात्र या खटाटोपात पडू नका. हाती फारशी वाळू लागत नाही.

उरलेल्या बारीक गाळाला पॉलिमर (कणांच्या गुठळ्या करणारे रसायन) देऊन फिल्टर प्रेसमध्ये (कापडांमध्ये दाबून पाणी काढणारे यंत्र) किंवा जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या मजबूत कापडाच्या, नळ्यांत निथळवा. मात्रा अंदाजाने ठरवू नका, चार-पाच बीकरमध्ये वाढत्या मात्रेने पॉलिमर घालून कुठे गाळ चांगला बसतो ते पाहा (जार टेस्ट). पॉलिमर जास्त झाला की गाळ बुळबुळीत होतो आणि कापडाची छिद्रे बुजतात. खाऱ्या पाण्यातल्या गाळाची चाचणी त्याच पाण्यात करावी. निथळलेले पाणीही तपासल्याशिवाय सोडायचे नाही.

पुढची वाट प्रदूषकावर ठरते. धातू गाळातच बांधून ठेवण्यासाठी सिमेंट मिसळतात. वजनाच्या ५ ते १५ टक्क्यांपासून चाचणी सुरू करा आणि २८ दिवसांनी त्यातून धातू पाण्यात किती झिरपतात ते तपासा. सामू १२च्या वर गेला तर शिसे पुन्हा विरघळू लागते, त्यामुळे जास्त सिमेंट म्हणजे जास्त सुरक्षित, हा हिशेब इथे चुकतो. तेल जास्त असेल तर मिश्रण नीट घट्टच होत नाही.

हलक्या तेलासाठी ढीग लावून उलथत राहा, म्हणजे हवा मिळून जिवाणू तेल खातात. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण साधारण १००:१०:१ ठेवा. पीसीबीवर (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असणारी, सहज न कुजणारी क्लोरीनयुक्त रसायने) हा उपाय चालत नाही. तिथे गाळ भट्टीत ३०० ते ५५० अंश सेल्सिअसला तापवण्याची औष्णिक प्रक्रिया लागते, आणि गाळ ओला असेल तर निम्मे इंधन पाणी उडवण्यातच जाते. गाळात पारा असेल तर तो वायूबरोबर बाहेर पडतो. चिमणीआधी कार्बनचा फिल्टर नसेल तर भट्टी पेटवू नका.