काच का तडकते? या चुका टाळा

काच दाबाला भक्कम, पण ताणाला कच्ची. नव्या काचेवरही डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतातच. ताण पडला की सगळा जोर ओरखड्याच्या टोकाशी एकवटतो आणि तिथून तडा धावतो. ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी हे १९२१ मध्ये मांडलं. म्हणून तडा कुठून निघाला ते आधी बघा. एका ठिपक्यातून चहूकडे रेघा गेल्या असतील तर मार लागलाय. कडेपासून काटकोनात निघून पुढे वळणं घेत गेला असेल तर बहुधा उष्णतेचा तडा.

लोणच्याची गरम फोडणी थेट काचेच्या बरणीत ओतू नका. आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते आणि ताण बाहेरच्या बाजूला बसतो. जाड बरणी दणकट वाटते, पण जाड काचेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून तीच आधी तडकते. साध्या काचेला सुमारे ४० अंशांचा फरकही पुरतो. बोरोसिलिकेट काच (प्रयोगशाळेतल्या भांड्यांची) तिच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून जास्त सोसते. याहून वाईट म्हणजे तापलेलं काचेचं भांडं ओल्या ओट्यावर टेकवणं: बाहेरची बाजू एकदम आकसते, आणि घासून-पुसून सगळे ओरखडे तिथेच पडलेले असतात.

खिडक्यांचं दुखणं वेगळं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात लाकडी चौकट फुगते. काच खाचेत मापाला माप बसवली असेल तर चौकट तिला आवळते. चारही बाजूंना ३ मिमी मोकळीक ठेवा. खाली रबराचे दोन तुकडे द्या, दोन्ही टोकांपासून रुंदीच्या पाव अंतरावर. काच धरणाऱ्या पट्टीचा खिळा काचेला टेकता कामा नये. उन्हाच्या खिडकीला काळी फिल्म लावली की मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड गार राहते आणि ताण कडेवर येतो. कड खरबरीत असेल तर तडा ठरलेलाच. बसवण्याआधी ती ओल्या पॉलिश पेपरने कडेच्या लांबीच्या दिशेने घासून घ्या.

काच कापताना हिरकणी (काच कापायचं हत्यार) एकदाच फिरवा, तीही रॉकेलचा थेंब लावून. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा नेली तर आडवेतिडवे बारीक तडे पडतात. रेघेत पांढरी पूड दिसली म्हणजे जोर जास्त झाला. रेघ मारली की लगेच तोडा. ठेवून दिलेली काच सरळ सुटत नाही.

टफन्ड काच (तापवून झटकन गार करून कडक केलेली) नंतर कापता किंवा भोकं पाडता येत नाही. मापं आणि भोकं ऑर्डरआधीच पक्की करा. मध्यावर ती बराच मार सोसते, पण कोपरा फरशीवर टेकला तरी तिचा चुरा होऊ शकतो. उभी ठेवताना खाली लाकडी पट्ट्या द्या.

तडा गेलेल्या काचेला सेलोटेप लावून पावसाळा काढू नका. टेप तुकडे धरून ठेवते, तडा थांबवत नाही. दमट हवेतली वाफ तड्याच्या टोकाशी सिलिकाचे बंध सोडवत राहते, आणि ताण कायम असेल तर तडा हळूहळू पुढे सरकतो. पाऊस सुरू होण्याआधीच ती काच बदला.