परींच्या पत्त्यांना प्रश्न कसा विचारावा: आधी चित्र, मग पुस्तिका

परींच्या चित्रांचे ऑरॅकल पत्ते, म्हणजे मनातला प्रश्न धरून काढायचे चित्रांचे पत्ते, नवे असताना बहुतेक जण एकच करतात. मनात प्रश्न धरतात, पत्ता काढतात आणि लगेच सोबतच्या पुस्तिकेत त्याचं पान शोधतात. पत्त्याकडे दोन सेकंद, पुस्तिकेकडे दोन मिनिटं. 'नवी सुरुवात होत आहे, विश्वास ठेवा' असं काहीतरी वाचून होतं, दोन-चार दिवस बरं वाटतं, आणि महिन्याभरात अख्खा कॅट कपाटात जातो. माझा पहिला कॅट असाच वर्षभर पडून होता.

पुन्हा बाहेर काढला तो पुस्तिका बाजूला ठेवूनच. तेव्हा कुठे कळलं, की या पत्त्यांत वाचायचं असतं ते चित्र. कुणीतरी खपून काढलेलं असतं ते. पानाआड लपलेला चेहरा, अर्धवट उघडं दार, परीच्या मुठीत काहीतरी. यातलं तुमच्या नजरेला पहिलं काय दिसतं आणि काय दिसतच नाही, तिथून उत्तर सुरू होतं. पत्ते भविष्य सांगत नाहीत. आपण ज्याच्याकडे बघायचं टाळत असतो, तिकडे ते मान वळवायला लावतात. माझ्या अनुभवात हे काम ते फार चांगलं करतात, म्हणून हा खटाटोप.

कॅट निवडताना

टॅरो हाही प्रश्न विचारून काढायच्या पत्त्यांचाच प्रकार. टॅरो आणि ऑरॅकल यांत गल्लत होते, म्हणून एवढं आधी सांगते. टॅरोत ७८ पत्ते ठरलेले असतात: २२ मोठे आणि चार रंगांत वाटलेले ५६ छोटे. ऑरॅकलला असा साचा नाही. किती पत्ते, कोणते, कोणत्या क्रमाने, हे सगळं तो संच करणारा ठरवतो. इंग्लिश चित्रकार ब्रायन फ्राउड यांच्या परींचा संच २००० साली आला, त्यात ६८ पत्ते आहेत. ४४ पत्त्यांचे संचही बाजारात बरेच दिसतात. त्यामुळे एका संचाची पुस्तिका दुसऱ्याला लागू पडत नाही. पण पाठांतराचं ओझंही नसतं, म्हणून नवख्या माणसाला मी ऑरॅकलच घे म्हणते.

घेण्याआधी चार-सहा पत्त्यांची चित्रं नीट पाहून घ्या. सगळ्याच पऱ्या सुंदर, सगळ्याच हसऱ्या, मागे नुसती चमचम, असा संच लवकर संपतो. चित्रात काहीतरी घडत असायला हवं. पत्त्यावर मोठ्या अक्षरांत 'क्षमा', 'धैर्य' असे शब्द छापलेले असतील तर पहिले काही महिने त्या शब्दावर अंगठा ठेवूनच पत्ता बघा. शब्द दिसला की डोळे बघायचं थांबवतात.

या पऱ्या आहेत तरी कोण

'परी' म्हटलं की आपल्यापुढे पांढरा झगा, पंख आणि हातात चांदणीची छडी येते. पण हे पत्ते ज्या लोककथांतून आले, त्या ब्रिटन-आयर्लंडच्या कथांतले हे लोक तसे नाहीत. पंख त्यांना बरेच नंतर फुटले. ते रूढ केले चित्रांनी आणि रंगभूमीने. मुळात ही जागेला धरून राहणारी मंडळी. झऱ्याची, टेकडीची, एखाद्या झाडाची. विहिरीपाशी किंवा नदीकाठी शेंदूर लावलेले सात दगड, साती आसरा, ज्यांनी लहानपणी पाहिले आहेत त्यांना हे चटकन समजेल. तिथून जाताना आजी आवाज खाली आणायची, तसाच आदर आणि तशीच धास्ती. आयर्लंडमध्ये तर त्यांना नावाने हाक मारायचं टाळून 'भली माणसं' म्हणायची पद्धत होती.

थोड्या कथा माहीत असल्या की पत्ते बोलायला लागतात. ब्राउनी हा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधला घरचा जीव. सगळे झोपले की झाडतो, दळतो, आवरतो. त्याच्यासाठी वाटीभर दूध किंवा साय ठेवायची, पण कपडे भेट दिले की तो घर सोडून जातो. डेव्हन-कॉर्नवॉलमधले पिक्सी वाटसरूला भुलवतात, आपल्याकडे ज्याला चकवा लागणं म्हणतात तेच. त्यावर तिथला उतारा म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालायचा. ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवरची सेल्की सील या समुद्री प्राण्याच्या रूपात असते आणि ते कातडं उतरवून बाई होते. कुणी ते कातडं लपवलं तर त्याच्या घरी संसार करते, आणि कातडं सापडलं की त्याच दिवशी समुद्रात परत जाते. हॉथॉर्न हे काटेरी झाड परींचं मानतात, म्हणून त्याच्या एकट्या झाडाला आयर्लंडमध्ये अजूनही सहसा कुणी कुऱ्हाड लावत नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड असं एक झाड येत होतं, तेव्हा एडी लेनिहन या कथेकऱ्याने आवाज उठवला आणि ते झाड राखून रस्ता केला गेला.

आता पत्त्यावर उलटा कोट घातलेला माणूस आला, तर 'गोंधळ' या एका शब्दापेक्षा तुमच्या हाताशी कितीतरी जास्त आहे. वाट सापडायची तर आधी आपल्यालाच काहीतरी उलटं करावं लागेल, इथपर्यंत तुम्ही आपोआप पोहोचता.

ओळख करून घ्या

नव्या कॅटचे पत्ते एकमेकांना चिकटलेले असतात. एकेक सोडवा, आणि सोडवतानाच बघा. पण सगळे एका बैठकीत नको. रोज तीन-चार पुरेत. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक पत्त्यासमोर चित्रात जे दिसतं तेच लिहा: 'म्हातारा, मशरूमवर बसलाय, डावा बूट नाही.' अर्थ लिहू नका. ४४ पत्त्यांचा कॅट असेल तर दोन आठवड्यांत ओळख होते. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ज्यांनी केलं ते पत्ते वाचतात आणि ज्यांनी टाळलं ते पुस्तिका वाचतात, असंच मी पाहत आले आहे.

प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या लावायच्या आणि उजवीकडची पडते की डावीकडची ते पाहायचं. तिथे प्रश्न हो की नाही असाच असतो आणि उत्तरही तसंच येतं. या पत्त्यांकडे तशी सोय नाही. 'नोकरी मिळेल का?' असं विचारलं आणि पत्ता आला मांजरीशी बोलणाऱ्या परीचा, तर करायचं काय?

म्हणून प्रश्न वळवून घ्या. 'तो परत येईल का?' याऐवजी 'या नात्यात मी कशाची वाट बघतेय?' किंवा 'पैसे कधी येतील?' याऐवजी 'पैशाच्या बाबतीत माझं कुठे दुर्लक्ष होतंय?' प्रश्नात 'मी' असला पाहिजे आणि तो वहीत लिहिला पाहिजे. लिहिताना दोनदा खोडावा लागला तर उत्तमच.

आजार, कोर्टकचेरी, शेअर्स, गरोदरपण यांबद्दल पत्त्यांना विचारू नये. तिथे डॉक्टर, वकील आणि जाणकार माणसं आहेत. आणि तिऱ्हाइताच्या मनात काय आहे, हेही नाही.

पिसणे, काढणे, बघणे

हे पत्ते खेळायच्या पत्त्यांपेक्षा मोठे असतात, फर्र करून पिसायला गेलात तर कडा दुमडतात. हातात धरून सावकाश वर-खाली करा. हात लहान असतील तर सरळ सुती चादरीवर उपडे पसरून दोन्ही हातांनी कालवा आणि गोळा करा. पिसताना प्रश्न मनात ठेवायचा. किती वेळ, याला नियम नाही. हात थांबावासा वाटला की थांबा. मग डाव्या हाताने कापून वरचा घ्या, किंवा पसरलेल्यातून हात जाईल तो उचला. पिसताना एखादा पत्ता निसटून पडला तर काही जण त्यालाच उत्तर मानतात. मी तो बाजूला ठेवते आणि शेवटी बघते.

पत्ता उलटा आला तर? बहुतेक ऑरॅकल संचांत उलट्या पत्त्याचे वेगळे अर्थ दिलेले नसतात. सरळ करून घ्या.

आता बघा. घड्याळ लावून पाच मिनिटं. पहिली नजर कुठे गेली? कोण कोणाकडे बघतंय? हातात काय आहे? उजेड कुठून येतोय? या चित्रात मी कुठे असते? आणि, हे विसरू नका, काय आवडलं नाही? जे खुपतं तिथे बहुधा काहीतरी असतं. हे सगळं दोन-तीन ओळींत लिहून झालं की मगच पुस्तिका उघडा. तिचं म्हणणं पटलं तर घ्या, नाही पटलं तर तुमचं राहू द्या.

एक वाचन, जवळून

तीन पत्त्यांची मांडणी सुरुवातीला पुरते: डावीकडे 'मी कुठे उभी आहे', मध्ये 'मला काय दिसत नाहीये', उजवीकडे 'पुढचं पाऊल'. जागा पत्ते काढण्याआधी ठरवायच्या, नंतर नाही.

माझी मामेबहीण एका रविवारी आली होती. बढती होती, पण पुण्याहून नागपूरला जायचं होतं, आणि मामा घरी एकटे. तिचा प्रश्न होता, "ताई, बदली घ्यावी का गं?" अर्ध्या तासाने वहीत उतरला तो असा: 'बदलीचा विचार करताना मी काय बघायचं टाळतेय?'

पहिला पत्ता तळ्याकाठी केस विंचरणाऱ्या जलपरीचा. आपल्याला तिची पाठ दिसते. "ही बघतच नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली. "तिला पाण्यात स्वतःचं तोंड दिसतंय, बाकी काही नाही."

मधला पत्ता ब्राउनीचा. अंधारं स्वयंपाकघर, चुलीत थोडा विस्तव, आणि हा बुटका जीव त्याच्याहून उंच झाडूने झाडतोय. कोपऱ्यात वाटी. पुस्तिकेत त्याचा अर्थ होता 'मदत येत आहे'. मी ती उघडलीच नव्हती. बहीण बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ही मी आहे. सगळे झोपल्यावर आवरते आणि सकाळी कोणाला पत्ताच नसतो." मी तिला कपड्यांची गोष्ट सांगितली, कसा तो भेट मिळाली की निघून जातो. त्यावर ती हसली नाही. "दादाला मी कधी सांगितलंच नाहीये, बाबांचं काय काय करते ते," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या पत्त्यावर हॉथॉर्नच्या खोडात एक दार. मला ते बंद वाटलं होतं. तिने बोट ठेवून दाखवलं, "कडी आतल्या बाजूला आहे ताई, फटीतून दिसतेय बघ."

त्या दिवशी तिने बदलीचं काहीच ठरवलं नाही. घरी जाऊन दादाला फोन केला. ठरलं ते नंतर, आणि ते पत्त्यांनी नाही, त्या दोघांनी मामांना मध्ये बसवून ठरवलं.

यात माझं काम काय होतं तेही सांगते, कारण दुसऱ्यासाठी पत्ते मांडताना इथेच चूक होते. मी विचारत होते आणि गोष्टी सांगत होते, अर्थ सांगत नव्हते. 'याचा अर्थ असा' हे वाक्य तुमच्या तोंडून आलं की समोरचं माणूस बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला लागतं. कुणी पत्ता पाहून घाबरलं तर तिथेच थांबा आणि चहा टाका. त्यांनी सांगितलेलं कुठे बोलू नका, हे वेगळं सांगायला नको.

किती वेळा

एकाच प्रश्नाला पुन्हा पुन्हा पत्ते काढू नका. मनासारखा येईपर्यंत काढत राहिलं की मग कुठलाच पत्ता ऐकू येत नाही. मी एका विषयाला महिनाभर हात लावत नाही. रोज सकाळी एक पत्ता, प्रश्नाशिवाय, नुसता बघायला, हे मात्र खुशाल करा.

पावसाळ्यात पत्ते दमट होऊन फुगतात, म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ओल्या हाताने धरू नका. रेशमी कापड, चंद्रप्रकाश, स्फटिक यांतलं काही करावंसं वाटलं तर करा. मी साध्या सुती पिशवीत ठेवते.

वही मात्र जपा. दोन-तीन महिन्यांनी जुनी पानं काढून तेच पत्ते पुन्हा समोर ठेवा. मामेबहिणीने जाताना ब्राउनीच्या पत्त्याचा फोटो मोबाइलवर काढून नेला होता. गणपतीत तिचा मेसेज आला: "ताई, कोपऱ्यातली वाटी बघितलीस का? दूध काठोकाठ आहे. त्याने प्यायलेलंच नाही." मी कॅट काढून पाहिलं. इतकी वर्षं तो पत्ता माझ्याकडे आहे, आणि मी वहीत नुसतं 'वाटी' लिहून ठेवलं होतं.