मांसाचा थर्मामीटर घ्यावा का?

घरात मटण-चिकन म्हणजे रस्सा, सुकं किंवा कुकरमधली बिर्याणी एवढंच होत असेल, तर घेऊ नका. उकळत्या रश्श्यात लहान तुकडे आतपर्यंत सहज शिजतात. मटण तर सुरक्षित झाल्यावरही बराच वेळ शिजवावं लागतं, तेव्हा कुठे ते मऊ पडतं. तिथे बोटाने दाबून बघणंच खरं.

ओव्हनमध्ये अख्खी कोंबडी, ग्रिलवर जाड ब्रेस्ट किंवा खिम्याचे कबाब करत असाल, तर मात्र साधा डिजिटल, सुईवाला थर्मामीटर जरूर घ्या. रंगावर विसंबू नका: कोवळ्या कोंबडीचं हाडाजवळचं मांस शिजल्यावरही लालसर दिसतं, आणि मसाल्याने वरून काळपट झालेलं आत कच्चं असू शकतं. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअस, मटणाचा खिमा ७१. ब्रेस्ट ८० च्या पुढे गेलं की चोथा होतो. थर्मामीटरचे पैसे वसूल होतात ते खरं इथेच.

सुईचं टोक मांडीच्या सर्वांत जाड भागात, मधोमध हवं. हाडाला टेकलं की आकडा फसवा येतो. ब्रेस्टमध्ये सुई आडवी घाला, वरून उभी घातली तर ती आरपार जाऊन तव्याचंच तापमान दाखवते. दोन-तीन ठिकाणी बघा आणि सर्वांत कमी आकडा धरा. कच्च्या मांसातून काढलेली सुई साबणाने धुतल्याशिवाय पुन्हा टोचू नका.

नवा थर्मामीटर आधी तपासा: पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळा, सुई बुडवा, शून्य यायला हवं.